गच्चीवरची न्हाणी

माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची नाट्यभूमिका म्हणजे दिल्लीतल्या एका गच्चीवर, थंडीतल्या उन्हात, सलवार-कमीज आणि वर स्वेटर घालून, डावा हात मफलरने अंगाशी बांधून, रिकाम्या बादलीतून केलेली आंघोळ. समोर खुर्च्या टाकून दोघं बसलेली. एक आमचे घरमालक काका, म्हणजे दिग्दर्शक. दुसऱ्या शेजारच्या पंजाबी आंटी, ज्या विणता विणता मधेच थांबून शेंगा सोलायच्या. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हाही यायचं, पण हसलं की काका पहिल्यापासून सुरू करायला लावायचे, म्हणून ओठ दाबून मी कोरडं पाणी अंगावर घेत राहायची.

या काकांची आणि माझी ओळखच मुळी अशी तालमीतून झाली. मी तेव्हा नोएडात नोकरीला लागले होते. परदेशी चॅनेल, परदेशी साबण, परदेशी गाड्या असं सगळं एकदम देशात शिरत होतं आणि त्या लाटेत जळगावच्या मुलीलाही एका नव्याकोऱ्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे खुर्ची मिळाली होती. राहायला मात्र नोएडात जायचं नाही, असं आईने बजावलं होतं. नुसते सेक्टर आणि नंबर, माणसं कुठायत तिथे, असं तिचं म्हणणं. म्हणून मी जुन्या राजेंद्र नगरात, मराठी माणसाच्या घरातली बरसाती बघायला गेले. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती एक खोली. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत स्वर्ग.

बेल वाजवली. दार उघडलं ते धोतर, त्यावर कोट आणि कानटोपी अशा अवतारातल्या एका उंच म्हाताऱ्याने. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "परत जा."

मी गारच पडले. तर म्हणाले, "फाटकापर्यंत जा आणि पुन्हा या. आत्ता तुम्ही माफी मागायला आल्यासारख्या आलात. जागा बघायला आलेलं माणूस असं येत नाही."

म्हातारा सरकलेला दिसतोय, हे माझ्या मनात आलंच. पण त्या दिवशी पाहिलेल्या बाकीच्या खोल्या इतक्या भयाण होत्या, की मी मुकाट्याने फाटकाशी गेले. खरं तर आता रागही आला होता. फाटक धाडकन ढकललं, तरातरा पायऱ्या चढले आणि म्हणाले, "खोली दाखवा." काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोरीला आधी पाणी तरी द्या." मला ती जागा काकांमुळे मिळाली, पण मी ती घेतली काकूंच्या त्या एका वाक्यावर.

काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्या सबंध कारकिर्दीबद्दल ते फक्त 'नोकरी केली' एवढंच सांगत. त्यांचं खरं आयुष्य म्हणजे गणेशोत्सवातलं नाटक. दरवर्षी एक. दिल्लीतली मराठी माणसं गोळा करायची, मंत्रालयातले कारकून, छावणीतला एखादा सुभेदार, इस्पितळातली नर्स, बँकेतला कॅशियर, आणि त्यांच्याकडून दोन महिने घाम गाळून घ्यायचा. तालमी याच गच्चीवर. खडूने आखायचं, ही खिडकी, हे दार, हा दिवाणखाना. आखलेल्या भिंतीतून कुणी चुकून आरपार गेलं, की काका त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेत. "भुताची भूमिका तुम्हाला दिलेली नाही," असं एका अंडर सेक्रेटरीला सुनावल्याचं काकू अजूनही सांगत.

हे खूळ घरातही मुरलेलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफा, खुर्च्या, दिवाण, सगळं तीन भिंतींना लावलेलं आणि सगळ्यांची तोंडं चौथ्या भिंतीकडे. त्या चौथ्या भिंतीवर काही म्हणजे काही नाही. ना टीव्ही, ना कॅलेंडर. आलेला पाहुणा त्या कोऱ्या भिंतीकडे बघत चहा प्यायचा आणि त्याच भिंतीला आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "प्रेक्षकांकडे पाठ करायची नसते." कुठले प्रेक्षक, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. वर्षानुवर्षं रंगमंचावरच्या तीन भिंतींच्या घरात वावरलेला माणूस, त्याला चौथी भिंत दिसतच नसावी.

मी राहायला गेले तोवर नाटक बंद पडलं होतं. प्रेक्षक होते, तालमीला माणसंच येईनात. ज्याला त्याला नव्या वस्तीत फ्लॅट लागत होता. नायिका मयूर विहारला गेली आणि नायक फरिदाबादला, मग त्यांच्या प्रेमाच्या तालमी व्हायच्या कशा? कुणी द्वारकेत जागा घेतली, कुणी नोएडात, कुणी गुडगावात. शेवटच्या वर्षी म्हणे तालमीला काका, काकू आणि दारात चुकून आलेला केबलवाला एवढेच होते. पुढच्या वर्षीपासून गणपतीत भाड्याचा ऑर्केस्ट्रा यायला लागला. काका कुणाला बोल लावत नसत. "घरं झाली पोरांची, चांगलं झालं," म्हणत. मात्र संध्याकाळी गच्चीवर येऊन उगाच उभे राहत. 

आणि मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा हात लुळा पडला आणि डावा पाय ओढत, काठी टेकत चालावं लागायचं. त्यांच्या मुलाने, त्याला मी दादा म्हणायची, त्यांना इस्पितळातून थेट गुडगावच्या आपल्या फ्लॅटवर नेलं. त्याचं काही चुकलं नाही. आमच्या घरातली न्हाणी एवढीशी, फाळणीनंतर घाईघाईने उठवलेल्या वस्तीला शोभेल अशी. आत शिरताना पोटरीएवढा उंबरा, पुढे शेवाळलेली सिमेंटची जमीन, एका कोपऱ्यात उकिडवं बसायचा संडास, दुसऱ्यात नळ. धडधाकट माणसानेही देवाचं नाव घेऊन आत जावं. काका काकूंबरोबर गुडगावला गेले खरे, पण आठवडा पुरा व्हायच्या आत परत आले. तिथला सोफा इतका जड होता की फिरवता येईना, असं कारण त्यांनी मला दिलं. खरं काय ते वहिनींना ठाऊक.

एका रविवारी मी काकूंना भेटायला गेले. तेव्हाचं गुडगाव म्हणजे मोहरीच्या शेतात मधेच उगवलेल्या अर्ध्या बांधलेल्या इमारती. दादाचा फ्लॅट मात्र अगदी परीटघडीचा. न्हाणीघरच माझ्या बरसातीएवढं, गुलाबी टाइल, टब, भिंतभर आरसा. सांभाळायला एक बाई ठेवलेली. काकू खिडकीशी बसलेल्या, नीट विंचरलेल्या, नीट कपडे घातलेल्या. कसं चाललंय विचारलं की सगळं छान आहे म्हणत. दोनदा विचारलं, दोनदा तेच. वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"सगळी फार करतात गं माझं," त्या म्हणाल्या. "पण रोज दार उघडं ठेवून मला आंघोळ घालतात. बाई स्वभावाने चांगली आहे, पण लहान मूल धुवावं तशी धुते. मला एकदा आतून कडी लावून माझ्या हाताने अंगावर पाणी घ्यायचंय. दुसरं काही नको बघ."

परत आल्यावर मी हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. ते उठले, न्हाणीत जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची चार्टर्ड बस पकडायला घाईत दार उघडलं, तर गच्चीवर खडूने एक लांबट चौकोन आखलेला, आणि त्यात काका कोट-धोतरासह एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसलेले.

न्हाणी नवी करून तिला घरी आणतो, असं काकांनी दादाला फोनवर सांगितलं, तर त्याने एकच अट घातली. न्हाणी मी स्वतः येऊन बघीन. आई तिथे एकटी नीट आंघोळ करू शकेल असं मला पटलं तर तिला आणीन. नाही पटलं, तर बाबा, तुम्हीच इकडे या, आणि ते घर देऊन टाकू. त्याच्या बोलण्यात एक शब्द वावगा नव्हता, हेच तर वाईट होतं. म्हणजे काकू घरी येणार की नाही, हे आता त्या एवढ्याशा चौकोनावर ठरायचं होतं.

काकांनी ते नाटकासारखंच हाती घेतलं. सामान निवडायला मला चावडी बाजारात नेलं. तोवर तिथे नळसुद्धा सोनेरी नि हंसाच्या मानेचे यायला लागले होते. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने इटलीची म्हणून एक चकचकीत टाइल पुढे केली. काकांनी ती जमिनीवर ठेवायला लावली, वर प्यायच्या पाण्याचा ग्लास उपडा केला, चप्पल काढली आणि डावा पाय ओढत तिच्यावर चालून दाखवलं. पाय सटकन घसरला. मी धरलं म्हणून बरं. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, टाइल देखने की चीज़ होती है." काका म्हणाले, "मेरी बायको देखती नहीं, चलती है." अख्खं आयुष्य दिल्लीत गेलं, पण त्यांच्या हिंदीत बायको बायकोच राहिली. मग ते एकेका कमोडवर बसून, डावा हात पाठीमागे धरून, एका हाताने उठता येतं का ते बघत सुटले. गिऱ्हाइकं गोळा झाली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी खरखरीत, करड्या रंगाची, सगळ्या दुकानातली सर्वांत कुरूप टाइल घेऊन आम्ही आलो.

मोजमापावर काकांचा विश्वास नव्हता असं नाही. न्हाणीचं माप मिस्त्रीकडून घेऊनच त्यांनी चौकोन आखला होता, आणि तो सुतासारखा सरळ होता. पण "टेपला गुडघे नसतात," असं ते म्हणत. माणूस वावरल्याशिवाय जागा कळत नाही. म्हणून तालमी. काकूंची भूमिका माझ्याकडे आली, कारण दुसरं होतंच कोण? प्लॅस्टिकची खुर्ची हा कमोड, तिच्या शेजारी आंघोळीचं स्टूल, उभ्या केलेल्या विटा म्हणजे नळ, दोरीवर टॉवेल. सांडपाण्याचा पाइप घराच्या पलीकडच्या अंगाला होता, म्हणून बसायच्या दोन्ही जागा त्या भिंतीशी. म्हणजे बसलं की माझं तोंड बरोबर काका आणि आंटींकडे. काकांना ते फार पसंत पडलं.

दर शनिवार-रविवार उन्हं आली की सुरू. दारातून ये. कडी लाव. काठी टेकव. कुठे टेकवलीस? पडली बघ. पुन्हा. मी वैतागायची, पण खोटं कशाला बोलू, त्या वैतागातच गोष्टी सापडत गेल्या. उंबरा पार काढायचा. दार बाहेर उघडायचं, म्हणजे आत कुणी पडलं तरी ते अडणार नाही. उठताना धरायची दांडी उजव्या हाताला. साबण दोरीला बांधायचा, हातातून सुटला तर वाकायला नको. एकदा आंटी विणकामातून मान वर करून म्हणाल्या, "भाईसाहब, बहनजी का तौलिया बहुत दूर है." मी करून पाहिलं, खरंच दूर होता. काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुढे प्रत्येक वेळी त्यांचं मत आवर्जून विचारलं. आंटी घरी जाऊन सांगायच्या, की मराठी लोकांत न्हाणी बांधायच्या आधी नाटक करायची रीत आहे. अजूनही त्या गल्लीत तसंच समजत असतील.

कडीवरून मात्र खडाजंगी झाली. आतून कडी अजिबात नको, असं दादाचं फोनवर म्हणणं. आई पडली, झटका आला, तर काय करणार तुम्ही? काका शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अरे, मी कडीच बांधतोय. बाकीची न्हाणी तिच्याभोवती आहे."  वर म्हणाले, वेळ आलीच तर मी दार फोडीन, दार माझंच आहे. त्यावर तो हसला, पण हो म्हणाला नाही. येऊन बघीन, एवढंच.

मग मिस्त्री लागले. संडासवाले, कमोडवाले येऊन गेले, धूळ घरभर झाली, आम्ही दोघं आंटींकडे आंघोळीला जाऊ लागलो. काका मुंडासं बांधून उभे. तालमीत ठरलं तसंच सगळं बसवलं गेलं, एक खिळा इकडचा तिकडे नाही. दादा येत्या रविवारी यायचा होता. त्याच्या आदल्या आठवड्यात काकांनी रंगीत तालीम ठेवली. मफलर आला, माझा हात बांधला गेला, आणि मी पहिल्यांदा खऱ्या न्हाणीत खरी शिरले. दार, काठी, दांडी, सगळं हाताशी. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी कमोडवर बसले आणि उठायला म्हणून पुढे झुकले, तर कपाळ भिंतीवर आदळलं.

पुन्हा बसले. गुडघे भिंतीला टेकलेले. एका हाताने, एका पायावर उठायचं तर माणसाला पुढे झुकावंच लागतं, आणि झुकायला समोर जागाच नव्हती. पण गच्चीवर तर जमत होतं, अगदी दर वेळी जमत होतं. क्षणभर मला काही उमगेना. मग आंटी दारातून डोकावल्या, भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "पर यहाँ तो मैं बैठती थी."

बघा म्हणजे. खडूची रेघ त्याही बाजूला होती, बरोबर मापात होती. पण त्या बाजूला खुर्च्या टाकून प्रेक्षक बसायचे. मी पाय लांब करत होते त्या रेघेवरून, झुकत होते त्या रेघेवरून, आणि बाकी तिन्ही भिंतींतून बोट जरी बाहेर गेलं तरी ओरडणाऱ्या काकांना त्यात काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? त्यांच्या आयुष्यभराच्या प्रत्येक घराला ती बाजू उघडीच होती. एखाद्या गवंड्याने ही चूक केली नसती, एखाद्या शाळकरी मुलानेही नसती. ती करायला चाळीस गणेशोत्सवांची तपश्चर्या लागते.

मिस्त्री म्हणाला, कमोड आडवा फिरवू. फिरवून पाहिला, तर जवळची भिंत डाव्या हाताला येत होती, म्हणजे दांडीही डावीकडेच. आणि काकूंचा गेलेला हात नेमका डावा. काका पुढे झाले. तळहात त्या भिंतीवर ठेवून उभे राहिले. "इथे भिंत आहे," म्हणाले. इतकंच. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच फुटायच्या बेतात होतं, कारण कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि डोळ्यासमोर खिडकीशी बसलेल्या काकू दिसत होत्या.

त्या भिंतीच्या पलीकडे एक कोठी होती. तिला कुलूप असायचं आणि किल्ली काकांच्या जानव्याला. तिच्यात सगळी नाटकं भरलेली. राजवाड्याचा आणि अरण्याचा पडदा, टोप, मिशा, पत्र्याच्या तलवारी, सिंहासन, बाराबंद्या, मावळ्यांच्या पगड्या. काकूंनासुद्धा तिथे हात लावायची परवानगी नव्हती. भिंत पाडून पलीकडे सरकवायची तर कोठी जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बोलणार कोण? मी त्या संध्याकाळी खिचडी करून खाली दिली आणि वर आले.

सकाळी दार उघडलं, तर गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. काका एकटे पहाटेपासून कोठी उपसून जिना चढत होते. अरण्य एका कठड्यावर वाळत होतं, राजवाडा दुसऱ्या. टोप ओळीने मांडलेले. काकांच्या कोटाला कोळ्याची जाळी लागलेली आणि चेहरा चक्क प्रसन्न. मी म्हटलं, काका, हे सगळं जाणार कुठे? तर म्हणाले, "वीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतंस." मग जरा थांबून म्हणाले, "अगं, तिकडे अंधारात ठेवून मी काय राखत होतो? उंदरांना मिशा लागत नाहीत."

आंटींनी सोय लावली. गल्लीतल्या रामलीलावाल्यांना बोलावलं. ते टेम्पो घेऊन आले आणि सिंहासनासकट सगळं घेऊन गेले. पुढच्या दसऱ्याला रावणाच्या सैन्यात शिवकालीन मावळे होते. काका पहिल्या रांगेत बसून बघत होते आणि शेजारच्या माणसाला पगडी तिरकी बांधली आहे म्हणून सांगत होते. पण ते पुढचं. त्या आठवड्यात भिंत पडली, दोन हात मागे गेली, आणि मी पुन्हा एकदा मफलर बांधून बसले, झुकले, उठले. कपाळाला काही लागलं नाही. काका या वेळी आत, त्या नव्या भिंतीला पाठ लावून उभे होते.

रविवारी दादा आला. वहिनींनी काकूंना हात देऊन गाडीतून उतरवलं. काकूंनी बैठकीकडे बघितलं नाही, स्वयंपाकघराकडे बघितलं नाही, काठी टेकत सरळ न्हाणीशी गेल्या. पण आधी दादा आत शिरला. त्याने दांडीला अंगाचा भार देऊन लोंबकळून पाहिलं, जमीन ओली करून तळवा घासून पाहिला, दार उघडझाप करून पाहिलं. खोट काढायचीच म्हणून बघत होता, आणि का नाही बघणार, त्याची आई होती. सगळं झाल्यावर तो कडीपाशी थांबला.

"ही राहू दे, बाबा," तो म्हणाला. "पण आज लावायला नको. आज मी दाराशी उभा राहतो."

काका काही बोलायच्या आत काकूंनी वहिनींच्या हातातून टॉवेल घेतला, दादाला काठीने हलकेच बाजूला केलं आणि आत गेल्या. दार बंद झालं. आणि मग कडीचा आवाज आला. जरा अडखळत, पण पुरती बसल्याचा.

आम्ही दाराबाहेर तसेच उभे. नळ सुरू झाला. मग तांब्याचा आवाज, एकदा, दोनदा. मग काहीच नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. दांडीवर माझा हात आणि स्टुलावर माझा पाय बसला म्हणून त्यांचा बसेलच असं थोडंच होतं? आतली शांतता वाढत चालली तसा दादा पुढे झाला आणि त्याने दारावर थाप मारायला हात उचलला. काकांनी त्याचं मनगट धरलं. ज्या माणसाने जन्मभर लोकांना 'जोरात बोला, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे' म्हणून पिटाळलं, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नुसती मान हलवत होते, नको, नको.

आणि आतून आवाज आला, "अहो."

"काय गं?"

"हा आरसा कुणाच्या मापाने लावलाय? मला नुसतं कपाळ दिसतंय."

माझ्या मापाने लावला होता. मी ही अशी ताडमाड आणि काकू माझ्या खांद्याला लागायच्या. मी जीभ चावली. दादा म्हणाला, आरसाच आहे ना, घेऊ की खाली, त्यात काय. पण काकांकडे बघितलं, तर ते भिंतीला धरून पायरीवर बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. दादा घाबरला. त्यांच्याजवळ बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"इतके महिने तुझ्याकडे होती," काका डोळे पुसत म्हणाले. "तुझ्या घरात एकदा तरी कशाला नाव ठेवलं का रे तिने?"

दादाने आठवून बघितलं. "नाही," तो म्हणाला. "सगळं छान आहे म्हणायची."

 दादाने बंद दाराकडे एकदा बघितलं आणि काकांना हात देऊन उठवलं. आत पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला होता, तांब्यावर तांब्या, बिनघोर.

"आणि दार वाजवू नका कुणी," काकू आतून म्हणाल्या. "मला वेळ लागणार आहे."

आम्ही सगळे अंगणात उन्हाला जाऊन बसलो. त्यांना खरंच खूप वेळ लागला.